मदत हवी आहे : मुंबईच्या हवेतील सेंद्रिय कणांचे प्रारूप

नमस्कार. मुंबईच्या हिवाळी हवेतील सेंद्रिय कण डब्ल्यूआरएफ-केम या, हवामान आणि हवेतील रसायने यांचे एकत्र गणित करणाऱ्या संगणकीय प्रारूपात बसवताना मी एका निर्णयापाशी अडलो आहे. धुरातून थेट बाहेर पडणारे कण अबाष्पशील मानले, तर ते कणरूपातच राहतात. अर्धबाष्पशील मानले, तर धूर विरळ होताना त्यांतला काही भाग वायुरूप होतो, त्याचे ऑक्सिडीकरण होते आणि त्यातून दूरवर नवे कणद्रव्य तयार होते. दुसरी मांडणी मला अधिक पटते, परंतु आपल्याकडे कचरा, लाकूड आणि डिझेल यांचा धूर एकत्र मिसळत असताना बाष्पशीलतेचे वर्ग (म्हणजे कोणता भाग किती सहज वायुरूप होतो याचे गट) कोणत्या आधारावर पाडावेत? (परदेशी गाड्यांच्या चाचण्यांतले आकडे जसेच्या तसे उचलणे मला धोक्याचे वाटते.)

शिवाय रात्रीचे मतलई वारे हा धूर समुद्रावर नेतात आणि दुपारचे खारे वारे त्यातला काही भाग परत किनाऱ्यावर आणतात. ही ये-जा प्रारूपाच्या ३ किलोमीटरच्या चौकटींच्या जाळीत नीट उतरते, की १ किलोमीटरवर जावेच लागते?

हवामानावरील परिणामासाठी तपकिरी कार्बनाचे (सेंद्रिय कणांतल्या प्रकाश शोषणाऱ्या भागाचे) शोषण तरंगलांबीनुसार बदलते ठेवायचे आहे, कारण तो अतिनील आणि निळा प्रकाश अधिक शोषतो. ज्यांनी भारतीय शहरांसाठी असे काम केले आहे, त्यांनी वापरलेली मूल्ये आणि ती निवडण्यामागचे कारण कृपया कळवावे.