मदत हवी आहे: (४, ६) या जोडीचे अवयव पाडायचे प्रकार ११ कसे?

महाल_पोट्टा:
उद्या सकाळी जमा करायचंय, लवकर सांगा. (४, ६) या जोडीचे अवयव किती प्रकारे पाडता येतात? उत्तरसूचीत ११ आहे. माझा पायथॉनचा प्रोग्रॅम ४४ म्हणतो.

रिटायर्ड_मास्तर:
काऊन एवढी घाई करून राहिला बाप्पा? प्रश्न पूर्ण लिही. पहिल्या आकड्याला पहिल्याने आणि दुसऱ्याला दुसऱ्याने गुणायचं का? (१, १) चालतो?

महाल_पोट्टा:
हो, तसंच. (१, १) अर्थातच नाही, नाहीतर संपणारच नाही.

संत्रा_बर्फी:
१×२४, २×१२, ३×८, ४×६. चार जोड्या. माझ्या लेकीला मी आयत काढून शिकवलं, लगेच समजलं. चौकटीची वही घे.

महाल_पोट्टा:
ताई, हे नाही विचारलं.

धंतोलीकर:
४ चे दोन प्रकार: ४, २×२. ६ चे दोन: ६, २×३. दोन दुणे चार. सूचीतलं ११ छपाईची चूक आहे.

रिटायर्ड_मास्तर:
मग (२, २)×(२, ३) तुमच्या चारांत कुठे बसवता?

धंतोलीकर:
बरं, सरळ २४ चे अवयव पाडा. सात प्रकार होतात. ११ तरीही नाही.

रिटायर्ड_मास्तर:
२४ केलं की पहिल्या घरातला २ आणि दुसऱ्या घरातला २ एक होऊन जातात. (२, १) आणि (१, २) वेगळे आहेत, ते वेगळेच राहिले पाहिजेत. म्हणून दुसऱ्या घरातल्या २ ला ५ म्हणा, ३ ला ७ म्हणा. मग ४×५×७ = १४०, आणि १४० चे अवयव पाडा:
१४०; २×७०; ४×३५; ५×२८; ७×२०; १०×१४; २×२×३५; २×५×१४; २×७×१०; ४×५×७; २×२×५×७. मोजा. ११. यातला १०×१४ म्हणजेच (२, २)×(२, ३).

बर्डीचा_वाचक:
अशा जोड्यांचा बेरजेचा भाऊ, म्हणजे गुणण्याऐवजी बेरीज करून जोडी फोडणं, ब्रिटिश गणितज्ञ मॅकमॅहनने एकोणिसाव्या शतकातच अभ्यासला होता. आकड्यांचं वेड पाहायचं तर आपले देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर! त्यांचा प्रसिद्ध आकडा ६१७४ घेऊन बसा एकदा.

महाल_पोट्टा:
कापरेकर उद्या. ४४ काऊन येते ते सांगा कोणी.

कुलर_समोर:
तू क्रम मोजतो आहेस. २×५×१४ तुझ्याकडे सहा वेळा येतो, २×२×५×७ बारा वेळा. पुढचा अवयव मागच्यापेक्षा लहान नको, एवढीच अट टाक. जोड्यांसाठी वेगळं काही लिहू नकोस, पायथॉन टपलची (कंसातल्या अशा जोडीची) तुलना शब्दकोशासारखी करतो: आधी पहिलं घर, ते सारखं असेल तर दुसरं.

धंतोलीकर:
क्रम मोजायचा नाही हे प्रश्नात कुठे आहे?

कुलर_समोर:
नाहीच. म्हणून सर आधीपासून पूर्ण प्रश्न मागत होते.

महाल_पोट्टा:
अट टाकली, ११ आलं! (१२, ६) ला ३६ देतो. बरोबर?

रिटायर्ड_मास्तर:
बरोबर. २×२×३×५×७ = ४२०, त्याचेही ३६. आता (४, ४) हाताने कर, ९ यायला पाहिजेत.