कोरा स्विच टेबलावर कॉन्फिग घेतो, रॅकमध्ये घेत नाही

कुपवाड_रॅक
कुपवाड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात सिस्कोचे १४ कोरे (आत कॉन्फिग, म्हणजे सेटिंग्ज नसलेले) २९६०-एक्स नेटवर्क स्विच बसवायचेत. पहिल्या बूटला त्यांनी सर्व्हरवरून आपोआप कॉन्फिग घ्यायचं (ऑटोइन्स्टॉल). उबंटूच्या सर्व्हरवर डीएनएसमास्क (हाच डीएचसीपीने स्विचला आयपी पत्ता देतो), फाइल पाठवणारं टीएफटीपीही त्यातच, डीएचसीपीच्या ऑप्शन १५० मध्ये टीएफटीपी सर्व्हरचा पत्ता. टेबलावर एका केबलने जोडला की स्विच पत्ता घेतो, फाइल ओढतो, होस्टनेम बदलतं. तोच स्विच 'राइट इरेज' करून (सेव्ह केलेलं कॉन्फिग पुसून) रॅकमध्ये कोअरला, म्हणजे मुख्य स्विचला, दोन फायबरनी जोडला, तर सर्व्हरवर डीएचसीपीची एकही रिक्वेस्ट येत नाही. त्यात काल लाइट गेली आणि आधी चालू झालेले तीन स्विच परत कोरे होऊन बसले. एसएसएच (दुरून सुरक्षित लॉगिन) तर एकालाही लागत नाही. कुठं चुकतंय?

मिरज_जंक्शन
दोन फायबर म्हणजे कोअरवर एलएसीपीचा (दोन्ही टोकांनी बोलून अनेक केबलींची एक जोडणी करायचा प्रोटोकॉल) पोर्ट-चॅनल, म्हणजे ती एकत्र जोडणी, असणार. कोऱ्या स्विचला एलएसीपी ठाऊकच नसतं. कोअरवर 'शो इथरचॅनल समरी' मारा. पोर्टच्या पुढे कंसात लहान एस दिसला तर पोर्ट सस्पेंड आहे, आय दिसला तर एकटा चालू आहे. (मोठा एस पोर्ट-चॅनलपुढे असतो, तो वेगळा, लेअर २ चा.) लहान एस असेल तर पोर्ट-चॅनलवर 'नो पोर्ट-चॅनल स्टँडअलोन-डिसेबल' द्या (म्हणजे एलएसीपीशिवायही पोर्ट एकटा चालेल) आणि पहिल्या बूटला एकच फायबर लावा. चॅनल 'मोड ऑन' (एलएसीपीशिवाय जबरदस्तीनं एकत्र) करायच्या भानगडीत पडू नका, पोर्ट एरर-डिसेबल होऊन बसेल, म्हणजे स्विच तो स्वतःच बंद करेल.

ट्रंकचा (अनेक व्हीलॅन, म्हणजे एकाच स्विचवरची वेगवेगळी आभासी नेटवर्कं, नेणाऱ्या जोडाचा) नेटिव्ह व्हीलॅनही बघा, म्हणजे टॅग नसलेला डेटा ज्यात जातो तो. कोरा स्विच व्हीलॅन १ मधून, टॅग न लावता विचारतो. कोअरवर नेटिव्ह ९९ असेल तर सीडीपी (शेजारचा स्विच ओळखणारा प्रोटोकॉल) नुसती कुरकुर करतो, पण पीव्हीएसटी (लूप टाळणारी स्पॅनिंग ट्री, दर व्हीलॅनला वेगळी) 'इनकन्सिस्टंट' म्हणून पोर्ट ब्लॉकच करतो. म्हणून नेटिव्ह १ राहू द्या, त्यातून फक्त सर्व्हरपर्यंत वाट ठेवा आणि स्विचचं मॅनेजमेंट कॉन्फिग फाइलमधूनच व्हीलॅन ९९ वर न्या. स्पॅनिंग ट्रीच्या ३० सेकंदांना सगळे शिव्या घालतात. त्यानं उशीर होतो, पण ऑटोइन्स्टॉल परत परत विचारत राहतं.

आणि कन्सोलवर 'इनिशियल कॉन्फिगरेशन डायलॉग'चा प्रश्न आला की हात मागे. एंटर मारलात की ऑटोइन्स्टॉल तिथंच संपलं.

तारजोड_सातारा
लाइटचं कारण साधं आहे. ऑटोइन्स्टॉलने आलेली फाइल रनिंग-कॉन्फिगमध्ये (चालू मेमरीत) जाते, एनव्हीरॅममध्ये (लाइट गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत) नाही. 'राइट मेमरी' कुणीतरी मारावीच लागते. तोवर स्विच यूपीएसवर ठेवा.

एसएसएचचं दुखणं वेगळं. एसएसएचला लागणारी आरएसए की कॉन्फिगच्या मजकुरात नसते, त्यामुळे जुन्या स्विचची फाइल उचलून दिली तरी की येत नाही. फाइलमध्ये व्हीटीवायवर (दुरून लॉगिनच्या लाइनवर) तात्पुरतं टेलनेट (साधं, असुरक्षित लॉगिन) उघडा. सर्व्हरवरच्या स्क्रिप्टने आत जाऊन २०४८ बिटची की बनवा, 'ट्रान्सपोर्ट इनपुट एसएसएच' करा, मग सेव्ह. खरे पासवर्डही याच वेळी घाला. टीएफटीपीला लॉगिन नसतं, फाइलचं नाव माहीत असलेला कुणीही ती उचलतो.

'राइट इरेज'ने फ्लॅशमधली व्हीलॅन डॉट डॅट (व्हीलॅनच्या यादीची फाइल) जात नाही, ती वेगळी डिलीट करा.

कुपवाड_रॅक
लहान एसच होता. नेटिव्ह १ च आहे. एक फायबर काढल्यावर आणि 'नो' दिल्यावर पत्ता मिळाला. पण आता प्रत्येक स्विचला वेगळी फाइल द्यायचीय. स्टिकरवरचे मॅक (हार्डवेअर पत्ते) डीएनएसमास्कमध्ये घातले, तर जुळत नाहीत.

मिरज_जंक्शन
स्टिकरवर बेस मॅक असतो, व्हीलॅन १ चा मॅक त्याहून वेगळा असतो. स्विच एकदा जोडा, डीएनएसमास्कच्या लॉगमध्ये येईल तोच मॅक घ्या. प्रत्येक मॅकला एक टॅग आणि त्या टॅगला बूट फाइल, म्हणजे ऑप्शन ६७, द्या. ते न देता ठरलेल्या नावाची फाइल ठेवणार असाल तर स्पेलिंग सांभाळा: स्विच जी 'नेटवर्क-कॉन्फिग' मागतो, तिच्या कॉन्फिगमध्ये एफ आणि जीच्या मध्ये आय नाही. सवयीनं आय टाइप होतो आणि लॉगमध्ये 'फाइल नॉट फाउंड' येत राहतं. फाइलच्या शेवटी 'एंड' आणि व्हीलॅन ९९ च्या इंटरफेसखाली 'नो शटडाउन' आहे ना, तेवढं बघून घ्या.