सायलेंट हिल एफ : पहिल्या रात्रींचे अनुभव

नागपूरकरहो, ज्यांचा हा भीतीचा व्हिडिओ गेम खेळून झाला त्यांनी शेवट सांगू नका. पण पहिल्या दोन-तीन रात्री कशा गेल्या, ते आपापल्या वस्तीचं नाव वर टाकून मोकळेपणी लिहा. सुरुवात मी करतो.

धरमपेठ
२५ सप्टेंबर २०२५ ला गेम आला तेव्हा नवरात्र चालू होतं. रात्री गरबा थांबला की मी बसायचो. कूलरसुद्धा बंद करायचो, कारण त्याच्या घरघरीत मागची पावलं ऐकू येत नव्हती. १९९९ पासूनच्या या मालिकेतला, जपानात घडणारा हा पहिलाच मोठा भाग. १९६० च्या दशकातलं एबिसुगाओका नावाचं काल्पनिक डोंगरी गाव, आणि नायिका शाळकरी हिनाको. धुकं उतरतं, गल्ल्या ओस पडतात आणि लाल फुलं पसरत जातात. ती फुलं म्हणजे हिगानबाना. जपानात ती ऐन हिगानच्या दिवसांत फुलतात, म्हणजे सप्टेंबरच्या शेवटी, लोक पूर्वजांच्या थडग्यांना भेट देतात तेव्हा. आपला पितृपक्ष नुकताच संपला होता. घरी पानं वाढून चारच दिवस झाले होते, म्हणून ती फुलं मला नुसती शोभेची वाटलीच नाहीत.

मानेवाडा
वातावरणाला पैकीच्या पैकी, मारामारीला नाही. बंदूक कुठेच नाही. लोखंडी पाइप, बॅट असं जे हाती लागेल ते घ्यायचं, आणि तेही वापरून वापरून तुटतं. अरुंद गल्लीत दोन राक्षस समोर आले की हिनाको दमते आणि आपणही चिडतो. भीतीची जागा चिडचिडीनं घेतली की मजा जाते, हे माझं प्रामाणिक मत. नवीन खेळणाऱ्यांनी मारामारी सोपी ठेवा आणि कोडी अवघड. दोन्हींची पातळी वेगवेगळी निवडता येते.

मनीषनगर
आमची शेती भंडाऱ्याकडे, धानाची. गेममध्ये शेतातल्या बुजगावण्यांचं एक कोडं आहे. शाळेच्या गणवेशातली बुजगावणी धुक्यात उभी असतात. सूचना वाचून त्यांतलं बरोबर ओळखायचं, चुकलात तर ते अंगावर येतं. मी तीनदा चुकलो.
दसऱ्याला गावी गेलो. धान निसवलं होतं. बांधावर आजोबांच्या जुन्या सदऱ्यातलं बुजगावणं उभं होतं, दर वर्षी असतं तसं. एक बाही वाऱ्यानं उलटी होऊन काठीला गुंडाळली होती. लहानपणापासून मीच ती सरळ करत आलोय. या वेळी दहा पावलांवर थांबलो आणि काकाला हाक मारली. काका म्हणाला, "काहून बे, भेव वाटून राहिलं का?" मी हो म्हटलं.

प्रतापनगर
एकच सांगतो. घरात लहान मुलं असतील तर ती झोपल्यावरच लावा. सुरुवातीला जो इशारा येतो तो नुसता वाचायचा म्हणून नाही. मुलांवरचे अत्याचार, छळ, स्त्रियांना मिळणारी वागणूक, सगळं आत खरंच आहे. जपानातही याला फक्त प्रौढांसाठीचा शिक्का आहे. माझी पुतणी मागे येऊन उभी राहिलेली मला कळलंच नाही, त्याचं अजून वाईट वाटतं.

महाल
वर सगळ्यांनी राक्षसांबद्दल लिहिलंय. मला पहिला धक्का घरातच बसला. दारू पिणारा बाप हिनाकोवर ओरडतो. आई तिथेच असते, मान खाली. थोरली बहीण लग्न होऊन गेलेली. राक्षस अजून एकही आलेला नाही, आणि मी कंट्रोलर खाली ठेवला होता.
मला पाहायला पाहुणे यायचे तेव्हा माझी आई स्वयंपाकघराच्या दारात उभी असायची, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. बाबा बोलायचे, मामा बोलायचे. पोहे कोणी केले तेवढंच तिला विचारायचे. र्‍युकिशी०७ या लेखकानं ही गोष्ट जपानची म्हणून लिहिली, पण ती बैठकीची खोली मला ओळखीची वाटली.
परवा आई आली होती. तिला तेवढाच प्रसंग दाखवला. भाषा जपानी, खालची अक्षरं इंग्रजी, तिला त्यातलं काही कळण्यासारखं नव्हतं. पूर्ण पाहिलं तिनं. मग म्हणाली, "तिच्या आईले एकदा तरी बोलू दे ना."