स्वतःच्या सर्व्हरवरून गाणी ऐकतो, पण नवीन गाणी सापडायची कशी? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

सीडी रिप करून आणि विकत घेऊन जमवलेली सगळी गाणी फ्लॅकमध्ये (आवाजाचा दर्जा न घटवणारा फाइल प्रकार) घरच्या एका छोट्या मशीनवर टाकलीयेत, त्यावर नॅव्हिड्रोम हा गाण्यांचा सर्व्हर चालतो आणि फोनवर ऐकायला सिम्फोनियम हे अ‍ॅप. ऐकण्याबद्दल तक्रार नाही, नेट गेलं तरी घरात गाणी चालू राहतात आणि आवडीचा अल्बम एका रात्रीत गायबही होत नाही. पण स्ट्रीमिंग बंद केल्यापासून नवीन काही कानावरच पडेना. शफल लावा नाहीतर आणखी काही, फिरून फिरून तेच कलाकार.

लास्टएफएम (ऐकलेल्या गाण्यांची नोंद ठेवणारी साइट) नॅव्हिड्रोमला जोडायला तिची की टाकून बघितली. मिळतेजुळते कलाकार दिसायला लागले, पण मिक्स लावलं की वाजणार माझ्याकडे आहे तेवढंच, साहजिकच आहे म्हणा, जी फाइल सर्व्हरवर नाही ती वाजणार कुठून. प्लेक्स या दुसऱ्या सर्व्हरचं प्लेक्सॅम्प हे अ‍ॅप गाण्याचा प्रत्यक्ष आवाज तपासून सारखी गाणी जोडतं असं वाचलं, ऐकायला भारी वाटतं, पण त्या सोयीला प्लेक्स पास ही पैसे भरून घ्यायची वर्गणी लागते आणि तेही शेवटी घरातलंच उलटंपालटं करणार.

मला पाहिजे ती अनोळखी गाण्यांची यादी, माझ्या ऐकण्यावरून आलेली, दर आठवड्याला मिळाली तर उत्तमच. ऐकून बघेन, आवडलं तर अल्बम विकत घेईन. कृपया लिडार वगैरे अल्बम आपोआप डाउनलोड करणारे प्रोग्रॅम सुचवू नका, डाउनलोड हा माझा प्रश्नच नाही, घोडं त्याच्या आधीच पेंड खातंय. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

प्रतिसाद १:
लिस्नब्रेन्झ वापरा, लास्टएफएमसारखीच ऐकण्याची नोंद ठेवणारी साइट आहे. तिथे फुकट खातं उघडायचं, टोकन (खातं जोडायचा सांकेतिक कोड) घेऊन नॅव्हिड्रोमच्या पर्सनल सेटिंगमध्ये टाकायचं, मग ऐकलेलं प्रत्येक गाणं तिकडे नोंदवलं जातं. दर सोमवारी वीकली एक्स्प्लोरेशन म्हणून यादी बनते, त्यात तुम्ही न ऐकलेली गाणी असतात. सुरुवातीला काही येणार नाही, तुमच्यासारखं ऐकणारे लोक शोधून त्यांच्यावरून यादी बनते त्यामुळे आधी नोंदी साठू द्याव्या लागतात. लास्टएफएमवर जुना इतिहास असेल तर तो आयात करा, वेळ वाचेल.

पण त्याआधी टॅग, म्हणजे फाइलीत लिहिलेली कलाकार, अल्बम वगैरे नावं, नीट करा!! एकाच गायिकेचं नाव तीन स्पेलिंगांनी असेल तर नोंदी जुळायची पंचाईत होते. पिकार्ड या टॅग लावणाऱ्या प्रोग्रॅममधून फाइली फिरवल्या की म्युझिकब्रेन्झ या गाण्यांच्या खुल्या माहितीसाठ्याचे आयडी त्यात बसतात, मग स्पेलिंगवर अवलंबून राहावं लागत नाही. आणि हो, लिस्नब्रेन्झवरचा तुमचा ऐकण्याचा इतिहास सगळ्यांना दिसतो, घरचा सर्व्हर थाटणाऱ्याला हे आधी माहीत असलेलं बरं.

धागाकर्ता:
धन्यवाद! सगळ्यांना दिसतो हे जरा खटकलं, टोपणनावाने खातं काढतो. दोन शंका: यादीतली गाणी माझ्याकडे नसणार, मग ऐकायची कुठे? आणि पिकार्ड फाइलींची नावं, फोल्डर बदलतं का? सगळी रचना हाताने लावलीये हो.

प्रतिसाद १:
ऐकायला लिस्नब्रेन्झच्या पानावरच प्लेअर आहे, तो यूट्यूबवरून वगैरे गाणं शोधून लावतो, कधीकधी भलतंच व्हर्जन लागतं तेवढं सांभाळून घ्या. पिकार्डमध्ये ऑप्शन्स मेनूत रिनेम फाइल्स आणि मूव्ह फाइल्स दोन्ही बंद ठेवा, फक्त सेव्ह टॅग्ज चालू. आधी एकाच अल्बमवर करून बघा, लाइव्ह रेकॉर्डिंग आणि संकलनांच्या वेळी चुकीचा अल्बम पकडतो कधीकधी.