मदत हवी आहे: गळाची माशी घरी बांधताना डोळ्यापाशी जागाच उरत नाही

नमस्कार मंडळी. मार्चमध्ये ट्राउटचा हंगाम उघडला की हिमाचलात तीर्थन खोऱ्यात जायचंय. या वेळी स्वतः बांधलेल्या माशीवरच (म्हणजे गळावर पिसं-दोरा गुंडाळून केलेल्या किड्यासारख्या आमिषावर) मासा लागावा, असा हट्ट आहे. (बायकोच्या मते हे वेड आहे.)

वाइस (गळ घट्ट धरणारा शिकंजा), बॉबिन (दोऱ्याचं रीळ धरायचं साधन) आणि ८ नंबरचे लांब दांडीचे गळ आणलेत. सुरुवात वुली बगर या प्रकारच्या माशीपासून केली: शेपटीला माराबू (मऊ, फुलारलेलं पीस), अंगाला काळी शेनिल (लवदार जाड दोरा), वरून कोंबड्याचं पीस. पण दरवेळी शेनिल गळाच्या डोळ्यापर्यंत (दोरी ओवायच्या भोकापर्यंत) पोचते आणि शेवटची गाठ मारायला जागाच राहत नाही. कशीबशी मारली, तर दोरा डोळ्यात जातो. आवळायला गेलं की तुटतो तो वेगळाच!

डोळ्यामागे नेमकी किती जागा सोडता? व्हिप फिनिशर (ही शेवटची गाठ मारायचं अवजार) न वापरता, नुसत्या बोटांनी गाठ मारता येते का?

आणखी एक. गावाकडून गावठी कोंबड्याच्या मानेची पिसं मिळाली आहेत, फुकट. ती धुऊन, वाळवून चालतील का? कीड लागू नये म्हणून काय करता? सध्या डब्यात डांबरगोळ्या टाकल्यात, पण तो वास माशाला चालेल की नाही, देव जाणे.