जुन्या स्प्लेंडरचा लाईट मिणमिणतोय म्हणून लगेच एलईडी? आधी मल्टीमीटर लावा की

जुनी_केए22, खानापूर
पाऊस लागला की आमच्याकडं एकच सुरू, लाईट पडत नाही, एलईडी टाक. परवा ओळखीतला एकजण जुनी स्प्लेंडर घेऊन आलेला, आयडलला (रेस न देता इंजिन नुसतं चालू असताना) हेडलाईट मिणमिण, रेस केली तरी पिवळाच, हॉर्न पण बसलेला. गॅरेजवाल्यानं मॅग्नेटचं (इंजिनवर वीज तयार होते त्या भागाचं) झाकण उघडायच्या आधीच "कॉईल होगैत्री" (कॉईल गेली) म्हणून निकाल देऊन टाकलेला, वर एलईडी पण घे म्हणे. माझं मत, वायरिंग न बघता एलईडी टाकणं म्हणजे पैसे गटारात. या गाड्यांत हेडलाईट बॅटरीवर नसतोच, कॉईलमधून एसी (उलटसुलट वाहणारा) करंट येतो, आरआर युनिट (रेग्युलेटर-रेक्टिफायर) तो आवरतं, बॅटरीवर फक्त हॉर्न, इंडिकेटर, ब्रेकलाईट असली कामं. त्यामुळं आयडलला लाईट थोडा बसणारच, तो दोष नव्हे. पण हॉर्न आणि लाईट दोन्ही एकदम बसले तर दोघांत सामाईक काय आहे ते बघायचं, आणि सगळ्यात स्वस्त सामाईक गोष्ट म्हणजे अर्थ, करंट परत जायची फ्रेमची जोडणी. हिरवी वायर फ्रेमला जिथं बोल्टखाली येते तिथली रिंग काढली तर खाली लाल माती आणि पांढरट हिरवा गंज, वायरच्या दोन-चार तारा तेवढ्या शिल्लक. पॉलिश पेपर मारला, नवीन रिंग बसवली, लाईट आला. कॉईलला हात पण लावला नाही.

चोर्ला_रायडर
गावात फिरायला तुमचं बरोबर आहे ओ. चोर्ला घाटात जुलैत रात्री येऊन बघा एकदा. धुकं, पाऊस, वळणावर थ्रॉटल सोडायलाच लागतंय आणि नेमका तिथंच लाईट बसतोय. अर्थ कितीपण घासा, एसी लाईट तो एसीच, "दोष नव्हे" म्हणून सांगूलाय पण खड्डा दिसत नाही त्याचं काय? मी हेडलाईट सरळ डीसी, म्हणजे बॅटरीच्या एकसारख्या करंटवर करून घेतलं, कॉईलचं अर्थला असलेलं टोक सोडवून वेगळी वायर काढली, फुल वेव्ह (एसीची पूर्ण लाट वापरणारं) आरआर बसवलं, आता उतारावर आयडलला पण सारखा उजेड. जुनं ते सोनं म्हणत बसायचं तर दिवसा चालवा.

जुनी_केए22
तुम्ही नीट केलात, त्याला कोण नाही म्हणतंय. पण गल्लीत डीसी म्हणजे काय करूलेत माहिती आहे ना? हेडलाईटची वायर तोडून इग्निशन स्विचच्या वायरला जोडायची, झालं डीसी. 35 वॅटचा बल्ब म्हणजे जवळजवळ 3 अँपिअर, बॅटरी अडीच एएचची (अँपिअर-तासाची), आणि मूळ चार्जिंग हाफ वेव्ह, एसीच्या अर्ध्याच लाटेवर. बॅटरी तासभर तरी टिकेल काय? मग चार दिवसांनी बॅटरी खराब म्हणून दुकानदाराशी भांडण.

गॅरेजवाला_शहापूर
मेस्त्रीला नावं ठेवणं सोपं आहे हो. गिऱ्हाईक गाडीवरनं उतरत नाही, "पाच मिनिटात करून दे" म्हणतंय, मीटर लावून अर्धा तास तपासलं तर त्याचे पैसे द्यायला तोंड वाकडं, कॉईल बदलली की मात्र गुमान देतंय. मग आम्ही काय करायचं? मी तपासतो, रीत सांगतो. गाडी बंद ठेवून बॅटरीवर साडेबारा व्होल्टच्या आसपास पाहिजे, चालू करून रेस केल्यावर साडेतेरा ते साडेचौदा. व्होल्टेज हललंच नाही तर कपलर (वायरींचा जोड), अर्थ, आरआर आणि शेवटी कॉईल या क्रमानं. 15 च्या वर गेलं तर आरआर गेलं समजा. हेडलाईटच्या पिवळ्या वायरवर मीटर एसीवर ठेवून बघायचं, डीसीवर ठेवून भलतंच रीडिंग येतंय आणि चांगली कॉईल भंगारात जातीय. आणि हेडलाईटच्या डूममधला (मागच्या खोळीतला) कपलर काढून बघा, प्लॅस्टिक वितळून तपकिरी झालेलं असतंय, करंट तिथंच अडतोय.

ऊसपट्टा_निपाणी
तुमचं एसी डीसी चालू द्या, समोरून येणाऱ्याचं पण बघा. सीझनला रात्री उसाच्या ट्रॉल्या मागं लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही अशा उभ्या असतात, आणि समोरून एखादा पांढरा एलईडी डोळ्यात मारत आला की ती ट्रॉली दिसतच नाही. हॅलोजन बल्बच्या रिफ्लेक्टरमध्ये (उजेड पुढं फेकणाऱ्या वाटीत) फिलामेंटची जागा ठरलेली असते, तिथं स्वस्तातला एलईडी घातला की उजेड रस्त्यावर कमी आणि झाडावर जास्त. आधी रिफ्लेक्टरची चांदी शिल्लक आहे काय बघा. काळा पडला असेल तर नुसता बल्ब बदलून काय होणार?

चोर्ला_रायडर
फोकस खाली करायचा स्क्रू असतोय मर्दा, तो कोण फिरवत नाही त्यात एलईडीची काय चूक?

ऊसपट्टा_निपाणी
स्क्रूनं सगळा झोत खाली जाईल, पसरलेला उजेड गोळा होणार आहे काय? भिंतीवर मारून बघा, झोताची कडा दिसते काय ते.

नवीन_मेंबर
मधेच विचारतो, माझ्या गाडीत हेडलाईटचा बल्ब सारखा उडतोय आणि पाठोपाठ टेललाईट पण. एलईडी टाकला तर सुटेल काय?

गॅरेजवाला_शहापूर
अजिबात टाकू नका, तो पण उडेल. आरआर जादा व्होल्टेज आवरत नाही किंवा त्याला अर्थच मिळत नाही. हेडलाईट उडाला की सगळा मार टेललाईटवर येतो. आरआरचा बोल्ट काढून घासा, परत बसवून रेस करून एसी व्होल्टेज बघा, रेसबरोबर वाढतच गेलं तर आरआर बदला. आणि येताना मीटरचे पैसे पण घेऊन या.