दिग्गज खेळाडूंमुळे मुले खरोखर गोल्फकडे वळतात, की ती चार दिवसांची लाट असते?

गोदाकाठचा पालक यांचा प्रश्न

सर्व सदस्यांना नमस्कार.

७ ऑगस्ट २०२१ रोजी, शनिवारी, टोकियो ऑलिंपिकमधील महिला गोल्फची अखेरची फेरी आम्ही घरी पहाटेपासून पाहत बसलो होतो आणि आमच्यापैकी एकालाही बर्डी म्हणजे काय हे ठाऊक नव्हते. जागतिक क्रमवारीत २०० व्या स्थानावर असलेली अदिती अशोक पदकाच्या शर्यतीत होती, एवढेच कळत होते. मध्येच वादळामुळे खेळ थांबला, तेव्हा माझ्या वडिलांनी दुसऱ्यांदा चहा मागितला. खेळ पुन्हा सुरू झाला, अठराव्या, म्हणजे शेवटच्या, होलवर (मैदानाच्या टप्प्यावर) तिचा चेंडू कपाजवळून, म्हणजे खळग्याजवळून, निसटला आणि कांस्यपदक एका फटक्याने हुकले (या खेळात कमी फटके घेणारा जिंकतो). त्याच संध्याकाळी नीरज चोप्राने भालाफेकीत सुवर्णपदक मिळवल्यामुळे सकाळची हळहळ सर्व जण साहजिकच विसरले. माझी मुलगी मात्र विसरली नाही. ती तेव्हा सहा वर्षांची होती. दुसऱ्या दिवसापासून आजोबांची काठी उलटी धरून, जमिनीवर आडव्या ठेवलेल्या आमटीच्या वाटीत प्लॅस्टिकचा चेंडू घालवण्याचा तिचा जो उद्योग सुरू झाला तो आजही चालू आहे. फरक इतकाच की काठीच्या जागी आता कोणीतरी दिलेला जुना पटर (चेंडू जमिनीवरून खळग्यात ढकलायची गोल्फची काठी) आला आहे.

आमच्या नाशकात ‘गोल्फ क्लब मैदान’ या नावाने ओळखले जाणारे मोठे मैदान आहे. तेथे रणजी करंडकाचे सामने होतात, सकाळी मंडळी फेऱ्या मारतात. गोल्फ तेवढा होत नाही. मुलीला रीतसर शिकवायचे म्हटले तर प्रवास, शुल्क आणि साहित्य या तिन्हींचा खर्च डोळ्यांसमोर येतो. माझ्या मेहुण्यांचे मत असे की, पडद्यावर पाहून आलेले वेड पडदा बंद झाला की ओसरते आणि त्यासाठी कर्ज काढू नये. त्यामुळे जाणकारांना विचारावेसे वाटते की, एखाद्या मोठ्या खेळाडूला पाहून पुढची पिढी खरोखर घडल्याचे उदाहरण आहे का आणि असल्यास ते नेमके कसे घडले?


सुवॉनवासी यांचे उत्तर

मी नोकरीनिमित्त नऊ वर्षे दक्षिण कोरियात राहत आहे. आपल्या प्रश्नाचे उत्तर या देशाकडे आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

१९९८ च्या जुलै महिन्यात अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात, ब्लॅकवुल्फ रन येथे, महिलांची यू. एस. ओपन स्पर्धा झाली. चार दिवसांच्या ७२ होलनंतर वीस वर्षांची कोरियन खेळाडू से-री पाक आणि जेनी चुआसिरिपॉर्न ही हौशी विद्यार्थिनी बरोबरीत होत्या. त्या वेळच्या नियमाप्रमाणे सोमवारी आणखी १८ होल खेळवले गेले. त्यातील शेवटच्या होलवर पाकचा चेंडू घरंगळत तळ्याच्या काठावरील गवतात अडकला. पाकने बराच वेळ विचार केला, बूट काढले, मोजे काढले आणि ती पाण्यात उतरली. महिनोन्महिने उन्हात खेळून रापलेल्या पिंढऱ्या आणि घोट्याखाली मोज्यात राहिलेली पांढरीशुभ्र पावले, हे दृश्य कोरियात आजही कोणाला वर्णन करून सांगावे लागत नाही. तिने चेंडू बाहेर काढला, त्या होलवर दोघींचीही बरोबरी झाली आणि त्यापुढच्या दुसऱ्या होलवर पाक जिंकली. म्हणजे एकूण ९२ होल.

कोरियात तेव्हा ७ जुलैची पहाट होती. देशाची अवस्था बिकट होती. नोव्हेंबर १९९७ मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीपुढे हात पसरावा लागला होता, कारखाने बंद पडत होते आणि देशाचे कर्ज फेडण्यासाठी सामान्य लोक रांगा लावून घरातील सोने देत होते. माझ्या कार्यालयातील एका सहकारी बाईंच्या घरून तिच्या पहिल्या वाढदिवसाची अंगठी गेली. (येथे पहिल्या वाढदिवसाला बाळाला सोन्याची अंगठी देतात, आपल्याकडच्या बारशाच्या सोन्यासारखीच ती मोडायला जिवावर येते.) ती सांगते, की त्या वर्षात तिने वडिलांना मोठ्याने हसताना पाहिले ते त्या पहाटेच.

पुढे मोठी खेळाडू झालेल्या इन्बी पार्कला दहा वर्षे पूर्ण व्हायला त्या दिवशी पाच दिवस बाकी होते. आईवडिलांच्या आरडाओरड्याने ती जागी झाली आणि काही दिवसांतच तिच्या हातात क्लब, म्हणजे गोल्फची काठी, आला. २००८ मध्ये तीच यू. एस. ओपन तिने १९ व्या वर्षी जिंकली. २००८ ते २०१३ या सहा वर्षांत ही स्पर्धा पाच वेळा कोरियन खेळाडूंनी जिंकली. २०१२ मध्ये स्पर्धा पुन्हा ब्लॅकवुल्फ रनवरच झाली, तेव्हा जिंकलेली ना-यॉन चोई ही १९९८ मध्ये दहा वर्षांचीच होती. या पिढीला येथे ‘से-रीची मुले’ असेच म्हणतात. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये इन्बी पार्कने सुवर्णपदक जिंकले तेव्हा संघाची प्रशिक्षक से-री पाक होती.

आता आपल्या मेहुण्यांसाठी एक गोष्ट. अमेरिकेच्या महिला व्यावसायिक मालिकेत जिंकणारी पहिली कोरियन खेळाडू से-री पाक नव्हे. १९८८ मध्ये कु ओक-ही हिने ते करून दाखवले होते, परंतु तिच्यामागून अशी पिढी आली नाही. मला याचे कारण असे दिसते की तिचा विजय लोकांनी वर्तमानपत्रात वाचला आणि पाकचा विजय घरात बसून, श्वास रोखून पाहिला. शिवाय दहा वर्षांनंतरच्या कोरियात शहरोशहरी उंच हिरव्या जाळ्यांची सरावकेंद्रे होती, कंपन्या खेळाडूंवर पैसा लावत होत्या आणि मुलांच्या मागे हात धुऊन लागणारे पालक तर मुबलक होते. त्या पालकांविषयी फार चांगले बोलता येणार नाही. शाळा जवळजवळ सोडून दिवसभर चेंडू मारणाऱ्या मुलींच्या कहाण्या येथे अनेक आहेत आणि त्यातील बहुतेकींची नावे कोणालाच ठाऊक नाहीत.


आकडेमोड यांचे उत्तर

सुवॉनवासी यांनी कोरियाचे वर्णन उत्तम केले आहे, परंतु एकाच देशावरून नियम काढू नये.

टायगर वूड्सचे उदाहरण घ्या. एप्रिल १९९७ मध्ये, २१ व्या वर्षी, त्याने मास्टर्स ही गोल्फच्या चार प्रमुख स्पर्धांपैकी एक स्पर्धा १२ फटक्यांच्या फरकाने जिंकली. त्या स्पर्धेत १९७५ पर्यंत एकाही कृष्णवर्णीय खेळाडूला प्रवेश मिळालेला नव्हता आणि अमेरिकेच्या व्यावसायिक गोल्फ संघटनेच्या घटनेत सदस्यत्व केवळ गोऱ्यांसाठी असल्याचे कलम १९६१ पर्यंत होते. त्यामुळे आता कृष्णवर्णीय मुलांची रांग लागेल, असे सर्वांनी गृहीत धरले. प्रत्यक्षात पाव शतक उलटल्यानंतरही अमेरिकेच्या पुरुष व्यावसायिक मालिकेत नियमित खेळणारे कृष्णवर्णीय खेळाडू बोटांवर मोजण्याइतकेच राहिले. वूड्सला पाहून गोल्फ पाहणारे वाढले, बक्षिसांच्या रकमा कित्येक पटींनी वाढल्या आणि त्याच्यासारखी व्यायामशाळेत घडलेली शरीरे घेऊन खेळाडूंची एक पिढी आली. परंतु ज्यांच्यासाठी त्याचे उदाहरण सर्वांत मोलाचे ठरायचे, त्यांच्यापर्यंत मैदान पोहोचलेच नाही.

याचे एक कारण अगदी साधे आहे. त्या मालिकेतील पहिले कृष्णवर्णीय खेळाडू चार्ली सिफर्ड यांच्या पिढीतील खेळाडू गोल्फ शिकले ते दुसऱ्यांच्या पिशव्या वाहताना, म्हणजे कॅडी म्हणून. पुढे विजेवर चालणाऱ्या गाड्या आल्या, कॅडींची गरज उरली नाही आणि गरीब मुलाला मैदानाच्या आत नेणारा तो एकमेव मागचा दरवाजाही बंद झाला. वूड्स प्रसिद्ध झाला तोवर त्या दरवाजाला कुलूप लागलेले होते.

अपवाद आहेत, हे मान्य करतो. टोंगा आणि सामोआ येथील वंशाचा टोनी फिनाऊ सॉल्ट लेक सिटीमधील कामगार वस्तीत वाढला. त्याने सातव्या वर्षी वूड्सचा तो विजय पाहिला आणि खेळायचे ठरवले. घरात पैसा नव्हता, म्हणून वडिलांनी गॅरेजमध्ये एक गादी टांगली आणि मुले तिच्यावर चेंडू मारत राहिली. मात्र या गोष्टीतही मला वूड्सपेक्षा ती गादी टांगणारा माणूस अधिक महत्त्वाचा वाटतो. आपण प्रश्न विचारताना मोठ्या खेळाडूविषयी विचारले आहे. माझ्या मते विचारायला हवे ते गादीविषयी.


येरवड्याचा प्रशिक्षक यांचे उत्तर

मी पुण्यात लहान मुलांना गोल्फ शिकवतो. माझे वडील कॅडी होते आणि मीही बारा ते अठरा या वयात पिशव्या वाहिल्या आहेत, त्यामुळे आकडेमोड यांनी सांगितलेला मागचा दरवाजा मी आतून पाहिलेला आहे.

आम्हा मुलांचा देव टायगर वूड्स नव्हता. आमच्या आधीच्या पोरांनी आम्हाला अली शेरचे नाव सांगितले. दिल्ली गोल्फ क्लबवर कॅडी म्हणून काम केलेला हा माणूस १९९१ मध्ये इंडियन ओपन ही भारतातील मोठी गोल्फ स्पर्धा जिंकला आणि १९९३ मध्ये पुन्हा जिंकला. त्याचा खेळ आमच्यापैकी कोणीच पाहिला नव्हता. तरीही दुपारी सभासद जेवायला गेले की तुटक्या क्लबने सरावाचे चेंडू मारताना, ‘तोसुद्धा पिशवीच उचलायचा’ हे वाक्य पुरेसे असे. सुवॉनवासी म्हणतात तसे डोळ्यांनी पाहणे महत्त्वाचे आहेच, परंतु आपल्यासारख्याच कामातून कोणी वर गेले आहे ही नुसती बातमीदेखील मुलाला पुष्कळ दिवस पुरते. फक्त हा मार्ग मुलांचा होता. आमच्या कॅडींच्या बाकावर मी एकही मुलगी पाहिली नाही आणि म्हणून तुमच्या मुलीसाठी अदितीचे महत्त्व वेगळे आहे.

आता स्वतः अदिती या खेळात कशी आली, हे पाहण्यासारखे आहे. तिच्या घरात कोणीही गोल्फ खेळत नव्हते. ती पाच वर्षांची असताना हे कुटुंब बंगळुरूच्या एका उपाहारगृहात बसले होते आणि तेथून कर्नाटक गोल्फ असोसिएशनचे सरावाचे मैदान दिसत होते. लोक काय करत आहेत, अशी उत्सुकता वाटली म्हणून ते आत जाऊन विचारून आले आणि मुलीबरोबर आईवडीलही खेळू लागले. रिओला तिची पिशवी वडिलांनी उचलली आणि टोकियोला आईने. म्हणजे तिला कोणत्याही दिग्गजाने ओढून आणले नाही. खिडकीतून मैदान दिसले, एवढेच घडले.

पालक म्हणून तुम्हाला आणखी एक उदाहरण सांगतो. १९९७ मध्ये स्पेनमधील वाल्देरामा येथे रायडर करंडकाची, म्हणजे युरोप आणि अमेरिका यांच्या संघांमधील, लढत झाली आणि युरोपचा कर्णधार होता सेवे बायेस्तेरोस. हा स्वतः पेद्रेन्या नावाच्या किनाऱ्यावरच्या गावात, एकाच तीन क्रमांकाच्या लोखंडी क्लबने वाळूत सराव करून मोठा झालेला माणूस. ती लढत पाहायला गेलेले उत्तर स्पेनमधील बास्क प्रदेशातील एक गृहस्थ घरी परतल्यावर गोल्फ खेळू लागले. त्यांचा मुलगा तेव्हा तीन वर्षांचाही झालेला नव्हता. तो मुलगा म्हणजे जॉन राम. २०२३ मध्ये त्याने मास्टर्स जिंकली, तो दिवस ९ एप्रिल, म्हणजे दिवंगत सेवेचा जन्मदिवस होता. येथे दिग्गजाची हाक ऐकू आली ती बापाला. माझ्याकडे येणाऱ्या मुलांमध्ये दोन-तीन वर्षे टिकणारी बहुतेक अशीच असतात, की ज्यांच्या घरातील एखादा मोठा माणूस स्वतः चेंडू मारून पाहतो. गाडीत बसून मोबाइल पाहणाऱ्या पालकांची मुले पहिल्या पावसाळ्यानंतर क्वचितच परत येतात.

कर्ज वगैरे काढू नका. पहिली दोन वर्षे पूर्ण संचाची गरज नसते. तीन क्लब आणि पटर पुरतात. महिन्यातून दोनदा सरावाच्या मैदानावर आणा. घरी तुमची वाटी आहेच, आणि ती आडवी ठेवण्याची युक्ती चांगली आहे. अरुंद तोंडामुळे चेंडूचा वेग आपोआप आवाक्यात राहतो.


गोदाकाठचा पालक यांचे प्रत्युत्तर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मेहुण्यांना तिन्ही उत्तरे वाचून दाखवली. ते गादीच्या बाजूने आहेत.

गेल्या रविवारी आम्ही तिघे पुण्याला एका सरावकेंद्रावर जाऊन आलो. पन्नास चेंडूंची बादली घेतली. प्रशिक्षकांचा सल्ला मानून मीही मारायला उभा राहिलो, आणि माझे पहिले सहा चेंडू जागचे हललेसुद्धा नाहीत, यावर मुलगी परतीच्या वाटेवर नारायणगावपर्यंत हसत होती. मात्र एक अडचण लक्षात आली. ती डावखुरी आहे. तेथे लहान मुलांचे जे क्लब भाड्याने होते ते सर्व उजव्या हाताचे होते, आणि तेथील एका गृहस्थांनी तिला आत्ताच उजव्या हाताची सवय लावा, म्हणजे पुढे साहित्याची अडचण येणार नाही, असे सुचवले. तसे करावे का?


येरवड्याचा प्रशिक्षक यांचे उत्तर

करू नये. हाच प्रश्न कॅनडातील माइक वीअर नावाच्या तेरा वर्षांच्या डावखुऱ्या मुलाला पडला होता. त्याने सरळ जॅक निकलस यांना पत्र लिहून विचारले. अठरा प्रमुख स्पर्धा जिंकलेल्या त्या माणसाने उत्तर पाठवले की, तुझा स्विंग (क्लब फिरवण्याची पद्धत) नैसर्गिक असेल तर तो बदलू नकोस. वीअरने ते पत्र जपून ठेवले आणि २००३ मध्ये मास्टर्स जिंकणारा तो पहिला डावखुरा खेळाडू ठरला.

लहान मुलांचे डाव्या हाताचे क्लब मिळायला वेळ लागतो, हे खरे आहे. माझ्याकडे एका विद्यार्थ्याने मागे ठेवलेला डावा सात क्रमांकाचा क्लब आहे. त्याची पकड झिजली आहे, तेवढी बदलून घ्यावी लागेल. मुलीची उंची कळवा, दांडा किती कापायचा ते पाहून ठेवतो.